माती, मार्क्स आणि विद्यापीठांतले नवे ग्रंथ

मार्क्सला कारखाना दिसला, पण कारखान्याखालची जमीन दिसली नाही, हा आक्षेप आपल्या कार्यकर्त्यांनी अनेकदा ऐकलेला आहे. पर्यावरणवादी मित्रांनी तो खेदाने घेतला, विरोधकांनी उपहासाने घेतला; आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकीही पुष्कळांनी तो मनातल्या मनात मान्य करून टाकला होता. धरण, पोलाद आणि वीज यांचे गुणगान करणाऱ्या चळवळीला जंगल आणि नदी यांविषयी फारसे बोलता येत नाही, अशी एक ओशाळलेली समजूत आपल्यात रुजली होती. २००० साली अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ जॉन बेलामी फॉस्टर यांचा ‘मार्क्सेस इकॉलॉजी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या वादाची जमीनच सरकली. त्यानंतरच्या पाव शतकात समाज, राजकारण आणि निसर्ग यांच्या परस्परसंबंधांवर विद्यापीठांतून इतके ग्रंथ बाहेर पडले आहेत की, त्यांची नुसती यादी करावयाची तरी या अंकाची पाने अपुरी पडतील. यादी करण्याचा माझा हेतूही नाही. या ग्रंथांनी आपल्यापुढे काही प्रश्न टाकले आहेत, आणि ते आपण मराठीत नीट मांडूनही घेतलेले नाहीत, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रस्तुत लेखकाचे काम अनुवादाचे आहे. इंग्रजीतून आलेला मजकूर रात्रीतून मराठीत करून छपाईला द्यावयाचा, हा आमचा रोजचा व्यवहार. काही वर्षांपूर्वी फॉस्टर यांच्या प्रतिपादनावर आधारलेला एक लेख माझ्याकडे आला आणि त्यातील एका शब्दापाशी मी अडलो. तो शब्द ‘मेटाबॉलिझम’. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात त्याला ‘चयापचय’ म्हणतात. मी तोच लिहिला. मुद्रिते तपासणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शब्दाखाली रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह काढले. “माणसाच्या पोटातले ठीक आहे, पण समाजाचा आणि जमिनीचा चयापचय म्हणजे काय, हे साखर कारखान्यातल्या कामगाराने कसे समजून घ्यावे?” त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की, अडचण मराठीच्या दारिद्र्याची नाही. अडचण १८८७ सालापासूनची आहे.

‘भांडवल’चा पहिला खंड १८६७ साली जर्मन भाषेत निघाला. श्रम म्हणजे काय, हे सांगताना मार्क्सने तेथे ‘श्टोफवेक्सेल’ हा शब्द योजला. ‘श्टोफ’ म्हणजे द्रव्य, ‘वेक्सेल’ म्हणजे पालट, अदलाबदल. माणूस श्रमाच्या द्वारे निसर्गाशी जी द्रव्याची अदलाबदल करतो, तिचे नियमन करतो, तिलाच तो हे नाव देतो. त्या काळच्या जर्मन रसायनशास्त्रात हा रूढ शब्द होता आणि मार्क्सने तो समजून-उमजून घेतला होता. पुढे १८८७ मध्ये सॅम्युएल मूर व एडवर्ड अ‍ॅव्हलिंग यांचे इंग्रजी भाषांतर एंगल्सच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले. त्या भाषांतरात हा एक शब्द राहिला नाही. एके ठिकाणी त्याच्या जागी द्रव्याच्या क्रिया-प्रतिक्रिया आल्या, दुसऱ्या ठिकाणी द्रव्याचे अभिसरण आले. वाक्ये वाचनीय झाली, परंतु ग्रंथभर पसरलेला धागा तुटला. १९७६ साली बेन फॉक्स यांचे नवे भाषांतर आले तेव्हा तो शब्द पुन्हा इंग्रजीत उमटला. मधली जवळजवळ नव्वद वर्षे इंग्रजीतून मार्क्स वाचणाऱ्यांना, म्हणजे आपल्याकडील बहुसंख्य वाचकांना आणि अनुवादकांना, ही संकल्पना संकल्पना म्हणून दिसलीच नव्हती. भाषांतरकाराच्या एका सोयीमुळे विचारांच्या इतिहासात केवढी पोकळी पडू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. (मूर आणि अ‍ॅव्हलिंग यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. वेळेच्या दडपणाखाली मीही असे शब्द गिळलेले आहेत.)

हा शब्द ज्या संदर्भात आला तो संदर्भ फॉस्टर यांनी खणून काढला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने १८६२ मध्ये आपल्या कृषिरसायनावरील ग्रंथाची नवी आवृत्ती काढली आणि तीत इंग्लंडच्या शेतीला लुटीची शेती ठरवले. धान्याच्या आणि लोकरीच्या रूपाने जमिनीतील पोषकद्रव्ये शहरात जातात, शहरातून ती गटारावाटे नदीत आणि समुद्रात जातात, शेताकडे परत येत नाहीत. जमिनीचा कस उतरतो. तो भरून काढण्यासाठी इंग्लंडने युरोपच्या रणभूमीवरील हाडे उकरली आणि पेरूच्या किनाऱ्याजवळील चिंचा बेटांवरून समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर जहाजांत भरून आणले. ते खणण्यासाठी चीनमधून फसवून आणलेले मजूर होते. त्यांतले किती परत गेले हा प्रश्न त्या व्यापाराच्या हिशेबवहीत नव्हता. मार्क्सने लीबिग बारकाईने वाचला. फेब्रुवारी १८६६ मध्ये एंगल्सला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले की, जमिनीच्या खंडाच्या प्रश्नावर जर्मनीतील हे नवे कृषिरसायन सर्व अर्थशास्त्रज्ञांच्या एकत्रित लिखाणापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. आणि पुढच्याच वर्षी ‘भांडवल’मध्ये त्याने निष्कर्ष नोंदवला: भांडवली शेतीची प्रगती ही मजुराला लुटण्याच्या कलेतील प्रगती आहे, तशीच ती मातीला लुटण्याच्या कलेतील प्रगती आहे. फॉस्टर ज्याला चयापचयातील तडा म्हणतात तो हाच.

येथे एक गोष्ट मात्र या पाश्चात्य ग्रंथांत सापडत नाही, ती आपणच सांगितली पाहिजे. लंडनचे मलमूत्र थेम्समध्ये सोडून दिले जाते आणि शेताला त्याचा उपयोग होत नाही, ही मार्क्सची तक्रार तिसऱ्या खंडात आहे. आपल्याकडे तसे नव्हते. मानवी मैल्याच्या खताला मराठीत ‘सोनखत’ असे नाव आहे आणि पुण्यासारख्या शहराच्या आसपासच्या उसाला ते घातले जात असे. म्हणजे आपल्याकडे द्रव्याचे चक्र पूर्ण होत होते. पण ते चक्र पूर्ण कोणी केले? डोक्यावर टोपली घेऊन ते वाहणारी माणसे कोण होती? जातीने ठरवून दिलेले, नाकारण्याची सोय नसलेले ते काम होते. आणि ते बंद करण्यासाठी १९९३ साली एक व २०१३ साली दुसरा असे दोन कायदे करूनही माणसे गटारात गुदमरून मरतच आहेत. निसर्गाशी असलेला व्यवहार सुरळीत आहे, एवढ्यावरून समाज न्यायी ठरत नाही. मुकुल शर्मा यांनी ‘कास्ट अँड नेचर’ या २०१७ सालच्या ग्रंथात भारतीय पर्यावरणवादाच्या याच आंधळ्या कोपऱ्यावर बोट ठेवले आहे. जुन्या खेड्याच्या स्वयंपूर्णतेची स्तोत्रे गाणाऱ्यांनी तो वाचावा, आणि १९२७ सालचा चवदार तळ्याचा सत्याग्रह हा पाण्याविषयीचाही लढा होता, हेही आठवावे. फॉस्टर यांच्या चौकटीत जात बसवणे हे आपले काम आहे. ते ओरेगॉनमध्ये बसून कोणी करून देणार नाही.

आंद्रेयास माल्म या स्वीडिश संशोधकाचा ‘फॉसिल कॅपिटल’ २०१६ साली निघाला. माझ्या मते, या सर्व ग्रंथांत कामगार कार्यकर्त्याने सर्वप्रथम वाचावा असा हाच. ब्रिटनच्या कापड गिरण्यांनी पाणचक्की सोडून वाफेचे इंजिन का स्वीकारले? शाळेत शिकवलेले उत्तर असे की वाफ स्वस्त होती, श्रेष्ठ होती. माल्म जुनी कागदपत्रे उलगडून दाखवतात की, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशात पाणी विपुल होते आणि वाफेहून स्वस्तही होते. पण नदी हलवता येत नाही. नदीकाठच्या एकाकी गिरणीसाठी वस्ती वसवावी लागे, मजूर टिकवावे लागत, आणि एकाच नदीवरील मालकांना पाण्याच्या वाटपाबाबत परस्परांशी सहकार्य करावे लागे, जे मालकांना कधीच जमले नाही. कोळसा मात्र गाडीत भरून शहरात नेता येतो, आणि शहरात बेकारांचे तांडे दाराशी उभे असतात. कामाच्या तासांवर कायद्याने मर्यादा आल्या तेव्हा उरलेल्या तासांत यंत्र अधिक वेगाने पळवण्यासाठीही वाफ सोयीची ठरली. म्हणजे कोळशाची निवड ही मजुरावर ताबा मिळवण्यासाठी केलेली निवड होती. मजुरांनाही ते कळत होते. १८४२ च्या सार्वत्रिक संपात लँकेशायरच्या कामगारांनी गिरणीगिरणीत शिरून बॉयलरच्या बुचा उपटल्या आणि यंत्रे थंड पाडली. हवामानाच्या संकटाचा पहिला अध्याय असा वर्गसंघर्षाचा आहे.

हे ध्यानात घेतले की ‘मानवयुग’ या सध्याच्या लाडक्या शब्दाविषयी संशय वाटू लागतो. पृथ्वीच्या भूस्तरांवर मनुष्यजातीचा ठसा उमटला, म्हणून या कालखंडाला मानवाचे नाव द्यावे, अशी सूचना २००० साली पुढे आली. मार्च २०२४ मध्ये भूस्तरशास्त्रज्ञांच्या संबंधित उपसमितीने तो प्रस्ताव मताधिक्याने फेटाळला, तरी शब्द चालूच आहे. आपले बंगाली इतिहासकार दीपेश चक्रवर्ती यांनी २००९ च्या एका गाजलेल्या निबंधात आणि २०२१ च्या ग्रंथात असे मांडले की, भांडवलशाहीच्या टीकेने हे संकट पुरते समजत नाही, आता मनुष्याचा प्राणिजात म्हणून विचार केला पाहिजे. विद्वत्तेबद्दल त्यांना नमस्कार. पण हे पटत नाही. भारतातील माणूस सरासरीने वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, अमेरिकेतील सुमारे चौदा टन. आणि भारताच्या सरासरीतही मलबार हिलचा बंगला आणि मेळघाटातील झोपडी एकत्र बेरजेला धरलेली असतात. ‘मानव’ हा कर्ता घातला की वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण होते आणि आरोपी सुटतो.

साम्राज्यशाहीचा विषय निघाला म्हणून माइक डेव्हिस यांचा ‘लेट व्हिक्टोरियन होलोकॉस्ट्स’ हा २००१ सालचा ग्रंथ येथेच सांगितला पाहिजे. लेखक २०२२ साली निवर्तले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात पाऊस हुकला तो प्रशांत महासागरातील एल निन्योमुळे, हे डेव्हिस मान्य करतात. पण पाऊस हुकणे आणि माणसे मरणे यांच्यामध्ये जी गोष्ट उभी असते तिचे नाव ते घेतात. ती गोष्ट म्हणजे लॉर्ड लिटनचे राज्य आणि खुला बाजार. धान्य आगगाडीने बंदराकडे जात होते. रिचर्ड टेंपल याने १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोक वाचवले होते आणि त्याबद्दल उधळेपणाचा ठपका त्याच्यावर आला होता. धडा शिकून त्याने १८७७ मध्ये दुष्काळी कामावरील मजुराचा शिधा दिवसाला एक पौंड धान्यावर आणला. मुंबई इलाख्यातील दुष्काळी मजुरांनी तो घेण्यास नकार देऊन काम सोडले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारकडे मांडली. उपाशी माणसांचा तो संप आपल्या कामगार चळवळीच्या इतिहासात ठळक अक्षरांत असायला हवा होता. तो आम्हाला कॅलिफोर्नियातील एका लेखकाच्या पुस्तकात वाचावा लागला, याची थोडी लाज वाटते.

उत्सा आणि प्रभात पटनाईक यांचा ‘अ थिअरी ऑफ इम्पीरिअलिझम’ (२०१६) निसर्गाकडे वेगळ्या वाटेने येतो. उष्ण कटिबंधातील जमीन मर्यादित आहे. तिच्यावर पिकणारा कापूस, चहा, कॉफी, ऊस थंड देशांत पिकत नाही. त्या मालाची मागणी वाढूनही किंमत वाढू द्यायची नसेल, तर येथल्या कष्टकऱ्याची क्रयशक्ती दाबून त्याचे स्वतःचे खाणे कमी केले पाहिजे. साम्राज्यशाहीचे मर्म त्यांना येथे दिसते. डेव्हिड हार्वी यांचा यावरील आक्षेप त्याच पुस्तकात छापला आहे, ही उत्तम प्रथा. हार्वी यांना यात भूगोलाला अवाजवी वजन दिलेले दिसते. मला मात्र विदर्भातील कापूस उत्पादकाच्या संदर्भात पटनाईकांचे म्हणणे अधिक बोलके वाटते.

आता वादाच्या मुद्द्याकडे येतो. जपानचे तरुण विद्वान कोहेइ साइतो यांनी मार्क्सच्या अप्रकाशित टिपणवह्यांचा अभ्यास करून प्रबंध लिहिला, त्याला २०१८ चे डॉइशर स्मृती पारितोषिक मिळाले. २०२० मध्ये त्यांनी जपानी भाषेत लिहिलेले, भांडवलशाही व मानवयुग यांवरील लोकसुलभ पुस्तक पाच लाखांहून अधिक प्रतींनी खपले. कम्युनिझमवरील पुस्तक टोकियोच्या स्टेशनवर असे विकले जाते, हे वाचून कोणाही प्रचारकाला हेवा वाटावा. साइतो दाखवतात की, १८६८ नंतर मार्क्स कार्ल फ्रास याचे हवामान व वनस्पती यांवरील लिखाण वाचत होता, जंगलतोडीच्या नोंदी घेत होता, आणि १८७९ मध्ये कोव्हालेव्हस्कीच्या ग्रंथातून भारतातील सामूहिक जमीनधारणेची टिपणे काढत होता. येथपर्यंत सर्व भक्कम आहे. पुढे ते म्हणतात की, १८८१ च्या सुमाराचा, व्हेरा झासुलिचला उत्तराचे खर्डे लिहिणारा मार्क्स हा वृद्धिसंकोचाचा कम्युनिस्ट झाला होता. ‘डीग्रोथ’साठी ‘वृद्धिसंकोच’ हा शब्द मी तात्पुरता वापरतो.

टिपणवह्यांतून एवढा मोठा निष्कर्ष निघत नाही, असे माझे मत आहे. एखाद्याने काय वाचले, यावरून तो काय मानत होता हे ठरवणे ही अनुवादकालाही परवडणारी उडी नाही. मॅथ्यू ह्युबर यांनी ‘क्लायमेट चेंज अ‍ॅज क्लास वॉर’ (२०२२) मध्ये दुसरी बाजू मांडली आहे. ज्यांच्या वाट्याला कमीच आले आहे त्या कामगारांना आणखी कमीची हाक देऊन चळवळ उभी राहत नाही. वीजनिर्मितीच सार्वजनिक मालकीची करून बदलली पाहिजे, असे ते म्हणतात. अमेरिकेत हा वाद जिभेला चव देणारा असेल. झारखंडच्या खाणपट्ट्यात तो जीवनमरणाचा आहे. भारताची वीज आजही बहुतांशी कोळशाची आहे. खाण बंद करा म्हणणाऱ्याने खाणकामगाराच्या मुलाला उद्या कोणते काम देणार हे सांगितले पाहिजे. आणि खाण चालू ठेवा म्हणणाऱ्याने ज्या आदिवासींची जमीन पुढल्या खाणीखाली जाणार आहे त्यांच्यासमोर उभे राहून ते म्हटले पाहिजे. आपल्या ठरावांत पहिले वाक्य नेहमी येते. दुसरे क्वचित येते.

आणि गावाच्या सामूहिकतेविषयी साइतो यांना जी ओढ वाटते, तिच्यासंबंधी येथेही सावध असावे. १८५३ सालच्या लेखांत खुद्द मार्क्सने भारतीय ग्रामसमाज जातिभेदाने आणि दास्याने बरबटलेला असल्याचे लिहिले होते, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी ग्रामराज्याच्या गौरवाचा कसा समाचार घेतला ते सर्वांना ठाऊक आहे.

आपली स्वतःची नोंदवही उघडल्याशिवाय दुसऱ्यांच्या ग्रंथांवर टीका करणे बरे दिसणार नाही. केरळच्या सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर धरण बांधावयाचे की नाही, हा वाद १९७० च्या दशकाच्या अखेरीस पेटला तेव्हा डाव्या विचारांचे लोक दोन्ही बाजूंना होते. मलबारला वीज हवी, उद्योग हवा, म्हणून पक्षाचे व कामगार संघटनांचे अनेक नेते धरणाच्या बाजूने होते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या शिक्षकांनी आणि वैज्ञानिकांनी, ज्यांत पुष्कळ डावेच होते, प्रकल्पाचा शास्त्रीय व आर्थिक ताळेबंद मांडून विरोध केला. धरण झाले नाही. १९८५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यानाचे उद्घाटन झाले. ज्यांना त्या वेळी विकासविरोधी ठरवले गेले त्यांचे म्हणणे खरे होते, हे आज आपण मोकळेपणाने लिहू शकतो.

पश्चिम घाटाच्या बाबतीत इतके मोकळेपण अजून आलेले नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. अहवाल स्थानिक भाषांत उपलब्ध करून ग्रामसभांपुढे ठेवावा, हा गाडगीळ यांचा आग्रह होता. सरकारने तो दडपून ठेवला आणि मे २०१२ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतरच बाहेर आला. तोही इंग्रजीत, शेकडो पानांचा. अहवाल गावात पोहोचण्यापूर्वी खाणमालकांच्या अफवा पोहोचल्या. तुमची घरे जाणार, गुरे पाळता येणार नाहीत, जमिनीचे पट्टे मिळणार नाहीत, असे डोंगरावरील लहान शेतकऱ्याला सांगितले गेले, आणि त्याच्या खऱ्या भीतीची बाजू घेताना आपल्या मित्रांनीही मूळ मजकूर आणि अफवा यांची निवड केली नाही. पुढच्या, सौम्य केलेल्या कस्तुरीरंगन अहवालाविरुद्ध नोव्हेंबर २०१३ मध्ये केरळातील डाव्या आघाडीने हरताळ पाळला. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि १५१ माणसे मेली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाडमध्ये मुंडक्कै आणि चूरलमला वाहून गेले. दोनशेहून अधिक मृत्यू झाले. प्रत्येक दरडीचे कारण एकच असते असे म्हणणे अशास्त्रीय होईल. पण त्या अहवालाचा मराठी आणि मल्याळम अनुवाद वेळेवर गावागावांत वाचला गेला असता, तर विरोध करणाऱ्याने निदान कशाला विरोध करतो ते जाणून केला असता. अनुवाद हे दुय्यम काम आहे असे समजणाऱ्यांनी या एका घटनेचा विचार करावा.

या ग्रंथांची किंमत हा आणखी एक अडथळा. विद्यापीठीय प्रकाशनाचे एक पुस्तक घ्यायचे तर शेतमजुराची आठवड्याची मजुरी खर्ची पडते, आणि खाजगीकरणावर तुटून पडणारे विद्वानही आपला ग्रंथ याच प्रकाशकांकडे देतात. मॉस्कोहून येणारी स्वस्त मराठी पुस्तके १९९१ नंतर थांबली. आमच्या पिढीने ती जुन्या बाजारातच पाहिली. त्यांतील मराठी कधी कधी खडबडीत होती हे खरे, पण ती पुस्तके कामगाराच्या खिशाला परवडत होती.

‘चयापचय’पाशी मी जेथे अडलो होतो तेथे अजून पुरता सुटलेलो नाही. ‘द्रव्यविनिमय’ हा शब्द मूळ जर्मनशी तंतोतंत जुळतो; पण ‘विनिमय’ आपण वस्तूंच्या देवाणघेवाणीसाठी आधीच खर्चून बसलो आहोत आणि ‘भांडवल’च्या वाचकाचा त्यामुळे गोंधळ होईल. ‘देवघेव’ शेतकऱ्याला कळते, पण तीत दोन्ही पक्ष राजीखुशीचे असल्याचा भास होतो. सध्या मी प्रथम येईल तेथे ‘निसर्गाशी चालणारी द्रव्याची देवघेव’ असे पुरते लिहितो आणि पुढे ‘चयापचय’ वापरतो. ‘रिफ्ट’साठी ‘तडा’ मात्र निश्चित केला आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हा शब्द मान्य केला, समासात प्रश्नचिन्ह नाही. जमिनीचा कस गेल्यावर, ती थकल्यावर, तिला पडीक ठेवताना आपापल्या तालुक्यात लोक कोणते शब्द वापरतात, ते वाचकांनी कार्यालयाच्या पत्त्यावर कळवल्यास पुढील अनुवादाला त्याचा उपयोग होईल. अर्धे प्रकरण टेबलावर पडून आहे.